आधी लॉग तरी वाच!

अगं, बिल्ड फेल झाला की लगेच स्वतःचाच कोड उकरत बसतेस, ती सवय सोड बघू. लॉगच्या शेवटच्या ओळी वाच. तिथं टाइमआउट किंवा ४२९ दिसलं, तर बहुतेक वेळा तुझ्या कोडला काही झालेलं नसतं. बाहेरून पॅकेजच आलेलं नसतं.

मार्च २०१६ मध्ये एकानं 'लेफ्ट-पॅड' हे जेमतेम अकरा ओळींचं पॅकेज एनपीएमवरून काढून घेतलं, आणि जगभरचे बिल्ड धडाधड पडले. बाबेलसारखं मोठं साधनसुद्धा त्यात अडकलं. तिथं तुझी-माझी काय कथा!

यावर उपाय म्हणजे जवळचा साठा. आपल्या औंढ्याजवळ दुधाळ्याला लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहतेय ना, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची? त्या लायगोच्या जगभरच्या शास्त्रज्ञांसाठी सॉफ्टवेअरचे तयार संच सीव्हीएमएफएसवर ठेवतात. ही सर्नमध्ये घडलेली फाइलव्यवस्था. फाइल एकदा मागितली की जवळच्या कॅशमध्ये राहते, पुढच्या वेळी तिथूनच मिळते. ते लोक दर वेळी मूळ सर्व्हरकडं धावत नाहीत, मग तू रोज रात्री का धावतेस?

तुझं सगळं काम जावास्क्रिप्टचं, तर व्हर्दाचिओ हा एनपीएम पॅकेजांचा स्थानिक साठा बसव. फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवरही चालतं. पोर्ट ४८७३, एनपीएमला रजिस्ट्री म्हणून तोच पत्ता द्यायचा. पहिल्यांदा पॅकेज बाहेरून येतं, मग त्याच्या स्टोरेज फोल्डरमध्ये राहतं. बळद भरलेलं असलं की बाजार बंद असला तरी चूल पेटते, तसं. पायथनवाल्यांसाठी डेव्हपी आहे.

पण एक विचार आधी कर: बिल्ड चालतो कुठं? गिटहबच्या मशीनवर चालत असेल, तर हिंगोलीतल्या घरातलं व्हर्दाचिओ त्याला दिसणारच नाही. एक तर रनर घरी आण, नाही तर साठा त्याच्या शेजारी ठेव. हे न बघता लोक हौसेनं बसवतात आणि वर 'फरक पडला नाही' म्हणतात.

लॉकफाइल गिटमध्ये हवीच, आणि बिल्डमध्ये 'इन्स्टॉल' नाही, 'एनपीएम सीआय'. पॅकेज बदललेलं आलं तर लॉकफाइलमधला हॅश जुळत नाही आणि ते तिथंच अडतं. मात्र मुळातच वाईट पॅकेज साठ्यात शिरलं, तर साठा ते इमानेइतबारे वाढत राहील. त्याला सुरक्षेचं कवच समजू नकोस.

साठा खरंच चालतो का, याची पारख कर. नोड मॉड्यूल्स उडव, एनपीएमची स्वतःची कॅशही साफ कर, ती विसरलीस तर फसशील. मग इंटरनेट काढ आणि चालव. पपेटिअर बहुतेक तिथंच रडेल, कारण त्याचं क्रोम रजिस्ट्रीतून येतच नाही, वेगळ्याच ठिकाणाहून उतरतं. त्याची सोय वेगळी करावी लागते. रविवारी ये, दोघी बसून करू.