हंगामाच्या मध्यावर प्रशिक्षक बदलावा का?

कुरुंदवाडहून कोल्हापूरला फुटबॉल पाहायला जाणाऱ्यांना ‘प्रशिक्षक बदला’ हा गलका ठाऊक आहे. पण बदलून भागते का?

इंडियन सुपर लीगमधील एफ. सी. गोवाचे पाहा. जानेवारी २०२० अखेर लोबेरांना काढून संघ क्लिफर्ड मिरांडांकडे दिला. संघ आधीच अव्वल होता, साखळी जिंकली. डिसेंबर २०२१ मध्ये फेरांडो सोडून गेले, डेरिक परेरा आले. संघ आधीच चाचपडत होता, नववा आला. दोघेही गोव्याचेच जाणकार. फरक उभ्या पिकाचा!

खेळाडू म्हणजे बेणे, प्रशिक्षक म्हणजे राखणारा गडी. पाण्याची पाळी, खताचा हप्ता चुकत असेल तर गडी आजच बदलावा. बेणेच हलके असेल तर नांग्या भराव्यात आणि पुढच्या लागणीला चांगले बेणे आणावे.