थांबवायचं बटण

अगं, वर्गात टचचा बोर्ड आला म्हणून घाबरू नकोस आणि हुरळूनही जाऊ नकोस. जिल्हा परिषदेच्या शाळांत संगणक आले, प्रोजेक्टर आले, टॅब आले. ते सगळं कपाटात कुलूपबंद झालेलंही पाहिलंय मी.

धडा आधी खडू-फळ्यावर बसव. मग कुठे अडतं ते बघ. मटकीला मोड कसे येतात यासाठी व्हिडिओ नको. ओल्या फडक्यात मटकी बांधून वर्गातच ठेव, रोज सोडून बघू दे पोरांना. पण हृदयाच्या झडपा कशा उघडमीट करतात, ते फळ्यावरच्या चित्रात दिसत नाही. तिथे बोर्ड लाव.

आणि लावलास की थांबव. सगळं कसब यातच आहे. पहिल्यांदा आवाज बंद करून दाखव. रक्त उजव्या कप्प्यातून निघालं की बटण दाब आणि विचार, "आता कुठे जाणार?" कोणी म्हणेल हाताला, कोणी डोक्याला. कोणाला फुप्फुस आठवेल आणि वाद सुरू होईल. होऊ दे. अंदाज फळ्यावर लिही, मगच पुढे चालव. चार मिनिटांच्या व्हिडिओला अख्खा तास गेला तरी बिघडत नाही. सलग लावलास तर पोरं टीव्हीसमोर बसल्यासारखी बसतील, आणि मुख्याध्यापक म्हणतील, वर्ग किती शांत!

शाळेत रेंज मिळेल या भरवशावर राहू नकोस. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड घरीच 'दीक्षा' ॲपमध्ये स्कॅन करून हवं ते उतरवून ठेव. उतरवलेलं नेटशिवाय चालतं. लाइट गेली तर काय घ्यायचं, तेही टाचणात लिहून ठेव. पोरं यायच्या आधी शेवटच्या बाकावर बसून बघ, अक्षर लागतं का.

प्रशिक्षणाला जाशील तेव्हा पुढच्या आठवड्याचा धडा पिशवीत ने. तिथे पीपीटी होईल, लिंक भरून घेतील, सेल्फी होईल. जेवणाच्या सुट्टीत तज्ज्ञांना गाठ: "सर, या धड्यात करून दाखवा, पण माउस माझ्या हातात द्या." शिकलीस ते त्याच आठवड्यात वर्गात वापर; नाहीतर प्रमाणपत्र तेवढं उरतं.

परितेवाडीच्या डिसले गुरुजींना 2020 मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, तेव्हा जो तो त्यांच्या पुस्तकांतल्या क्यूआर कोडचंच बोलत होता. पण त्यांच्या वर्गातल्या पोरांची घरची भाषा कन्नड आणि पुस्तक दुसऱ्या भाषेत, हे त्यांनी आधी हेरलं होतं. कोड नंतरचा.

आणि हो, पोरांचे चेहरे दिसतील असे फोटो ग्रुपवर टाकू नकोस, पालकांना विचारल्याशिवाय तर मुळीच नाही. वरून उपक्रमाचे फोटो मागितले तर वह्यांचे पाठव.