आत्याचं हाडांपुरतं ऐक

अगं, टाळू भरायला तेलाची वाटी घेऊन बसतेस ना, खुशाल बस. बाळ निवतं, झोपतं. पण तेलानं टाळू भरत नसते. जन्माच्या वेळी कवटीची हाडं सांधलेलीच नसतात, डोकं दबून बाहेर यावं म्हणून. पुढची टाळू वर्ष-दीड वर्षात, कुणाची दोन वर्षांत आपली आपण मिटते. मालिशवाली डोकं गोल करायला दाबायला लागली तर तिचा हात धर. टाळू खोल गेलेली दिसली तर बाळाच्या अंगातलं पाणी कमी झालंय. फुगलीय आणि ताप आहे, तर रात्र असली तरी दवाखाना गाठ.

बाळाला जवळजवळ 300 हाडं असतात, आपल्याला 206. बाकीची कुठं जात नाहीत, एकमेकांत जुळतात.

आता थोरल्याचं. लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेची पातळ चकती असते, उंची तिथून वाढते. मुलींची साधारण पंधराच्या आसपास मिटते, मुलांची दोनेक वर्षं उशिरा. तोवर ही चकती सांध्याच्या पट्ट्यांपेक्षा कच्ची असते. म्हणून खेळताना पडून मनगट किंवा घोटा सुजला, की ‘मुरगळलाय’ म्हणत चोळत बसू नको. आधी एक्स-रे. तुमच्याकडचा हाडवैद्य कितीही नावाजलेला असू दे, एक्स-रेशिवाय त्याच्या हाती पोर देऊ नको. आणि पट्टी असो की प्लास्टर, बोटं गार पडली, निळी झाली, बधिर झाली, तर सकाळची वाट बघायची नाही. हाडांच्या वॉर्डात माझी नोकरी गेली, त्यातलं एवढं एक जरी लक्षात ठेवलंस तरी पुष्कळ.

मोडलेलं हाड बांधल्यानं जुळत नाही, ते स्वतः जुळतं. आधी तिथं रक्त साकळतं, मग मऊ गाठ धरते, मग ती कडक होते. मोठ्या माणसाला दीड ते तीन महिने लागतात, मांडीच्या हाडाला त्याहून जास्त, लहान पोराला कमी. बांधायचं ते जागच्या जागी राहावं म्हणून.

हाड म्हणजे दगड नव्हे, हे तुम्हा शिकलेल्यांना का सांगावं लागतं कोण जाणे! कोंबडीचं हाड आठवडाभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेव, बोटांनी वाकतं. खनिज विरघळून जातं, चिवट प्रथिन तेवढं उरतं. स्लॅबमधली सळई आणि सिमेंट, तसं ते दोघांचं आहे. एका जातीच्या पेशी जुनं हाड कुरतडतात, दुसऱ्या नवं भरतात, आणि दहाएक वर्षांत जवळपास सगळा सांगाडा बदलतो. नवं कुठं भरायचं ते ठरतं भारावरून. यूलिउस वोल्फ नावाच्या जर्मन डॉक्टरानं 1892 मध्येच हे लिहून ठेवलंय. अंतराळवीरांना तिथं वजनच नसतं, तर कंबर-मांडीचं हाड महिन्याला टक्का-दीड टक्का झिजतं. खाटेला खिळलेल्या माणसाचंही तसंच. पोराला पोहायला घालतेस ते चांगलंच, पण हाडाला हादरा हवा: लंगडी, खो-खो, दोरीवरच्या उड्या. जी भर पडायची ती तिशीपर्यंत. पुढं आहे ते टिकवायचं.

खाण्याचं फार बोलत नाही. दिवसाला 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास मिळतं, कपभर दुधात दोन-अडीचशे. तीळ, शेवग्याचा पाला, बारीक मासळी काट्यांसकट. पालकाच्या भरवशावर राहू नको, त्यातलं अंगी फारसं लागत नाही. तू अंगावर पाजतेयस, तेव्हा थोडं तुझ्या हाडांतून जातंय. घाबरू नको, बाळाचं दूध तुटलं की ते परत भरतं.

वहिनीची मात्र मला काळजी आहे. पाळी गेल्यावर पहिली काही वर्षं हाड भराभर विरळ होतं, आणि कळत काहीच नाही. नुसतं घरातल्या घरात घसरून मनगट मोडलं किंवा उंची दोन बोटं कमी झाली, तर तपासणी करून घ्या. ती ड जीवनसत्त्वाची 60,000 ची पुडी दर आठवड्याला घेते. डॉक्टरांनी किती आठवडे सांगितली होती, विचार तिला. वर्षानुवर्षं घ्यायची ती पुडी नव्हे, फार झाली तर रक्तात कॅल्शियम चढतं. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियमची गोळी यांत चार तास जाऊ देत. आणि बाल्कनीच्या बंद काचेमागं बसून ऊन खाते ना, त्याचा हाडांना काही उपयोग नाही, काच हवी ती किरणं अडवते.

न्हाणीघरात उठताना ती टॉवेलच्या दांडीला धरते, मी पाहिलंय. ती दांडी दोन बारक्या स्क्रूंवर आहे. या रविवारी माणूस बोलावून भिंतीत पक्का दांडा बसवून घे, कमोडच्या उजव्या हाताला, आणि तिला बसवून बघूनच उंची ठरव.