मुलांच्या हातीं फोन आणि आईबापांचा कान

सन २०२० सालीं शाळा बंद पडल्या, तेव्हां अनेक खेडेगांवांतील आईबापांनीं पोटाला चिमटा घेऊन मुलांच्या अभ्यासाकरितां फोन घेतला. शाळा पुन्हां उघडल्या, पण फोन घरांत राहिला. दाराशीं विहीर असली म्हणजे सोय होते, परंतु तिला कठडा बांधावा लागतो. इंटरनेटचेंही तसेंच आहे. तो कठडा कोणता, याचा आज आपण विचार करूं.

संकट कसें येतें

मुलांना फसविणारा मनुष्य शत्रूच्या वेषांत येत नाहीं. ऑनलाइन खेळांत किंवा इन्स्टाग्रामवर तो समवयस्क मित्र म्हणून येतो, गोड बोलतो, स्तुति करतो. "हें घरीं सांगूं नकोस," असें तो म्हणूं लागला, कीं तीच धोक्याची खूण समजावी. पुढें तो विवस्त्र छायाचित्र मागतो. आणि तें हातीं लागतांच, "पैसे दे, नाहीं तर हें तुझ्या नातलगांना पाठवितों," अशी धमकी घालतो.

या धमकीचें सारें बळ मुलाच्या भयांत आहे. घरीं कळलें तर मार बसेल, शाळा सुटेल, असें ज्या मुलास वाटतें, तें एकटेंच सोशीत राहतें. अशा धमकीपायीं मुलांनीं प्राण गमावल्याच्याही घटना घडल्या आहेत. म्हणून आमच्या मतें पहिला कठडा म्हणजे कुलूप नव्हे, तर आईबापांचा कान होय. मुलास आजच सांगून ठेवा, "बाळ, चूक झाली तरी आधीं आम्हांला सांग, आम्ही मारणार नाहीं." आणि प्रसंग आल्यास तें वचन पाळा.

नित्य पाळावयाचे नियम

१. फोन सर्वांच्या देखत वापरावा. रात्रीं तो आईबापांच्या उशाशीं असावा.
२. नांव, शाळा, गांव किंवा ओटीपी अनोळखी मनुष्यास देऊं नये.
३. इन्स्टाग्रामच्या नियमानें १३ वर्षांखालील मुलास खातें काढतां येत नाहीं. खोटें वय लिहून तें काढून देऊं नये.
४. आपणांस वाचतां येत नसेल, तर लाजूं नये. मुलासच विचारावें, "हा कोण? याला तूं प्रत्यक्ष पाहिलें आहेस काय?"

धमकी आलीच तर

पैसे देऊं नयेत. एकदां दिले कीं मागणी वाढते. धमकीचे संदेश पुसूं नयेत. त्यांचे स्क्रीनशॉट ठेवून मग त्या मनुष्यास ब्लॉक करावें. मुलाचें छायाचित्र मात्र पुरावा म्हणूनही गांवांत कोणास पाठवूं नये. तसें पाठविणें हाही गुन्हा ठरतो. मुलांच्या साहाय्यासाठीं १०९८ हा क्रमांक आहे. पैसे गेले असल्यास १९३० वर तत्काळ कळवावें. २०१२ चा पोक्सो कायदा १८ वर्षांखालील मुलगा व मुलगी या दोघांचेंही रक्षण करितो. त्याखालील अपराध कळल्यावर पोलिसांस कळविणें बंधनकारक आहे. आणि मुलाचें नांव वर्तमानपत्रांत छापण्यास मनाई आहे.

जें वर्तमानपत्रानें छापूं नये, तें पाणवठ्यावर किंवा सभेंतही बोलूं नये, हें उपदेशक बंधूंनीं मंडळीस शिकवावें. दोष फसविणाऱ्याचा आहे, लेकराचा नाहीं.

विचारार्थ प्रश्न

१. आपल्या मुलाची चूक झाली, तर तें प्रथम कोणाकडे जाईल?
२. त्याचें ऐकून आपल्या तोंडून पहिला शब्द कोणता निघेल?