पांढऱ्या खुंटीची हद्द

गोल्फ हा खेळ मी सेवानिवृत्तीनंतर पुण्यात येरवड्याच्या मैदानावर शिकलो, आणि शिकलो म्हणण्यापेक्षा तिथल्या कॅडीने मला खेळवले हेच अधिक खरे. कारण काठी कितव्या नंबरची घ्यायची, वारा कुठला, ग्रीनवर चेंडू कोणीकडे कलणार, याचा निकाल तोच देई आणि मी निमूटपणे त्याची अंमलबजावणी करी. अशा परावलंबी खेळाडूला त्याच्या जावयाने अमेरिकेत, जॉर्जिया राज्याच्या उत्तरेकडील एका डोंगरी वसाहतीच्या खासगी मैदानावर पाहुणा म्हणून नेले, तेव्हा जे घडले ते यथाक्रम निवेदन करतो. मुलाबाळांकडे परदेशी जाताना सामानात काठ्या घालून नेणाऱ्या माझ्या वयाच्या गृहस्थांना त्याचा काही उपयोग व्हावा.

अ‍ॅपलाचियन पर्वतरांगेच्या दक्षिण टोकाचा हा प्रदेश. माती महाबळेश्वरची आठवण करून देणारी तांबडी, आणि पाइन व ओकच्या दाटीतून हिरवळीचे पट्टे वर चढलेले, खाली उतरलेले. अशा वसाहतींत पुष्कळदा घरांच्या सोबतीला मैदान नसते, तर प्लॉटांना गिऱ्हाईक मिळावे म्हणूनच मैदान आखलेले असते. साहजिकच ते घराघरांतून असे वळवलेले असते की शक्य तितक्या परसांना हिरवळ लागावी. पाहुण्याने ही मेख प्रथम ध्यानात घ्यावी. गुणपत्रिकेवर ‘स्लोप’ म्हणून १४० च्या पुढचा आकडा छापलेला होता, तो मी भाबडेपणाने डोंगराचा चढ समजलो. वस्तुतः कसलेल्या खेळाडूच्या मानाने सामान्य खेळाडूला ते मैदान किती जड जाईल याचे ते माप. ते ५५ पासून १५५ पर्यंत असते आणि ११३ हे मध्यम मानतात. म्हणजे इशारा छापील होता, गाफील मीच होतो.

डोंगरात डोळे फसवतात. सपाटीवर दीडशे यार्डांना जी काठी पुरते, ती ग्रीन तीस फूट उंचावर असता पुरत नाही; साधारणपणे तीन फूट चढास एक यार्ड जास्त धरावा, म्हणजे ते अंतर एकशे साठ यार्डांचे समजून एक काठी वरची घ्यावी, आणि उतारावर याच्या उलट. ग्रीनवर चेंडू बहुधा डोंगराकडून दरीकडे ओढला जातो, मग डोळ्यांना तो भाग कितीही सपाट दिसो. उभे राहण्याच्या जागेचाही असाच कायदा आहे: उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू पावलांच्या पातळीखाली असला तर तो उजवीकडे पळतो, वर असला तर डावीकडे. हे सारे मी पुस्तकात वाचले होते, पण कॅडी नसता वाचलेले आठवतेच असे नाही.

सातव्या होलवर चेंडू माझ्या पावलांच्या वीतभर खाली होता. मी नाकासमोर नेम धरला, आणि तो उजवीकडे झुकत पांढऱ्या खुंट्यांपलीकडे एका घराच्या परसात, फुलझाडांच्या वाफ्यात जाऊन पडला. “बाबा, तो गेला समजा,” असे जावईबापू म्हणेपर्यंत मी उतार उतरून खुंट्या ओलांडल्या होत्या. चेंडू नवा होता. आयुष्यभर सरकारी स्टेशनरी जपून वापरलेल्या माणसाला नवा चेंडू सोडवत नाही. वाफ्यात वाकलो असता वरच्या सज्ज्यातून एका वृद्ध बाईंनी अत्यंत शांतपणे विचारले, आपण कोणाचे पाहुणे? मी जावयाचे नाव सांगितले, आणि तेही, आज आठवले की कानकोंडे व्हायला होते, काहीशा अभिमानाने.

तीन दिवसांनी क्लबाच्या दप्तरातून पत्र आले ते जावयाच्या नावे. मला हे आधी उमजायला हवे होते, कारण तिथे मी एक डॉलरही रोख दिला नव्हता. खेळाची फी, बग्गी, दुपारचे सँडविच, सारे सभासदाच्या खात्यावर चढत होते. पाहुण्याची स्वतंत्र खतावणी नसते. त्याचे नावे-जमा सगळे यजमानाच्या नावावर. जावईबापू पत्र वाचून इतकेच म्हणाले, “होतं असं.” रागावले असते तर बरे वाटले असते.

तेव्हा पांढऱ्या खुंट्यांकडे चेंडू जातो अशी नुसती शंका आली तरी, पुढे पाऊल टाकण्याआधी ‘हा तात्पुरता’ असे स्पष्ट बोलून तिथूनच दुसरा चेंडू मारून ठेवावा. पहिला हद्दीबाहेर निघाला तर नियमाप्रमाणे एका फटक्याचा दंड लागून हाच पुढे चालतो आणि चढ पुन्हा चढावा लागत नाही. शोधायला २०१९ पासून पाचऐवजी तीनच मिनिटांची मुभा आहे. लाल खुंटी आड आली तर उपटता येते, पांढरीला हात लावू नये. बग्गी ओल्या उतारावर गवतात न घालता डांबरी वाटेवरच ठेवावी, हे तर सांगायलाच नको.

पुढच्या महिन्यात त्याच सातव्यावर माझा चेंडू हद्दीच्या रेषेला टेकून थांबला. संपूर्ण बाहेर गेल्याखेरीज तो आतच धरतात. मात्र तो मारायचा तर दोन्ही पाय परसात रोवावे लागत होते, आणि नियमाने तशी मुभाही होती. मी वर पाहिले. सज्जा रिकामा होता. जावईबापू बग्गीत बसून माझ्याकडे न पाहण्याची खबरदारी घेत होते. मी चेंडू उचलला, दोन काठ्यांच्या अंतरात, होलच्या जवळ न येता, गुडघ्याच्या उंचीवरून हद्दीच्या आत सोडला आणि एका फटक्याचा दंड सांगितला. त्यांनी तो पत्रिकेवर मांडला.