कुठपर्यंत भागत बसायचं?

प्रश्न : सहावीतल्या मुलीला गृहपाठात विचारलं होतं, २०२१ ही मूळ संख्या आहे का? तिने २ पासून १३ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं. एकानेही भाग जाईना, तेव्हा ‘मूळ’ लिहून वही मिटली. उत्तर चुकलं. आता ती विचारते, मग कुठपर्यंत भागत बसायचं? २०२० पर्यंत? मलाही सांगता येईना.
– एक पालक, सातारा

उत्तर : २०२० पर्यंत मुळीच नाही. ४३ पर्यंत. आणि गंमत म्हणजे या संख्येला भाग जातो तो नेमका ४३ नेच : ४३ × ४७ = २०२१. गृहपाठासाठी ही संख्या ज्यांनी निवडली ते खट्याळ असले पाहिजेत.

विभाजक एकेकटे येत नाहीत, जोडीने येतात. ३६ घ्या. १ बरोबर ३६, २ बरोबर १८, ३ बरोबर १२, ४ बरोबर ९ आणि ६ ची जोडी ६ शीच. पुढे ९ ने भागलं तर ४ मिळतो, म्हणजे जुनीच जोडी उलटी होऊन येते. जोडीतल्या दोन्ही संख्या ६ पेक्षा मोठ्या असूच शकत नाहीत, कारण मग गुणाकार ३६ च्या पुढे जाईल. म्हणून वर्गमुळापाशी थांबायचं. ४५ चा वर्ग २०२५ आहे, तेव्हा २०२१ च्या जोडीतली धाकटी संख्या ४५ पेक्षा लहानच हवी. त्यातही भागायचं फक्त मूळ संख्यांनी. २ ने भाग गेला नाही तर ४, ६, ८ ने जाणारच नाही, उगाच कशाला वेळ घालवायचा? २ ते ४३ मध्ये अशा १४ संख्या आहेत. २, ३ आणि ५ कसोटीनेच निकालात निघतात (अंकांची बेरीज ५, म्हणजे ३ ने भाग जात नाही). बाकीच्यांना मात्र भागाकार करावा लागतो : १७ ने भागलं तर बाकी १५, ४१ ने भागलं तर बाकी १२. मुलगी १३ वर थांबली. तेवढ्यावर १७ च्या वर्गाच्या आतल्या, म्हणजे २८८ पर्यंतच्याच संख्यांचा निकाल लागतो.

आपल्याकडे तीसपर्यंतचे पाढे पाठ करून घेण्याची पद्धत होती. त्या पाढ्यांत २९ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या येतात. पुढची मूळ संख्या ३१, तिचा वर्ग ९६१. म्हणजे ज्याचे तीसपर्यंतचे पाढे पक्के, त्याला ९६० पर्यंतची कुठलीही संख्या मूळ की संयुक्त हे कॅल्क्युलेटरला हात न लावता ठरवता येतं. पाठांतराला नावं ठेवणाऱ्यांनी एवढं तरी मान्य करावं.

२०२१ ला एक आडवाटही आहे. ती २०२५ पेक्षा ४ ने कमी, म्हणजे ४५ चा वर्ग वजा २ चा वर्ग. दोन वर्गांच्या वजाबाकीचे अवयव (४५ – २) आणि (४५ + २). झालं काम! फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने सतराव्या शतकात हीच युक्ती वापरली. दोन्ही अवयव वर्गमुळाच्या जवळ असले तर ती झटपट चालते, नाहीतर रखडते.

संख्या फार मोठी झाली की भागत बसणं कुणालाच परवडत नाही. तिथे एक नवल दिसतं : संख्या मूळ नाही हे तिचा एकही अवयव न सापडता सिद्ध करता येतं. ६७ दोन एकमेकांना गुणून त्यातून १ वजा केला की २१ अंकी संख्या येते. १६४४ मध्ये मर्सेन या फ्रेंच अभ्यासकाने ती मूळ म्हणून आपल्या यादीत घातली होती. १८७६ मध्ये ल्युका या गणितज्ञाने ती संयुक्त असल्याचं दाखवलं, पण अवयव त्यालाही माहीत नव्हते. ते १९०३ मध्ये अमेरिकेतल्या फ्रँक नेल्सन कोलने मांडले : १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. सांगतात, की गणितज्ञांच्या सभेत तो चकार शब्द बोलला नाही. फळ्यावर गुणाकार करून दाखवला आणि जाऊन बसला.

मूळ की संयुक्त, हे कुठल्याही संख्येबाबत खात्रीने आणि वाजवी वेळात ठरवणारी पद्धत २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिली. पण प्रचंड संख्येबाबत ‘संयुक्त’ असं उत्तर आलं, तर अवयव शोधण्याचं काम तिथून पुढे वेगळंच सुरू होतं.