गवती चहा आणि त्याची भावंडे



या अंकातील पाठ एका चुकीपासून सुरू करतो. चूक माझीच आहे.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडी जळकोट शिवारातील पाच पारधी कुटुंबांसाठी मी गवती चहाचे ठोंब विकत आणले. नळदुर्गजवळचा हा भाग. जमीन हलकी, पाणी मोजके. हे गवत उग्र वासामुळे गुरे-शेळ्या सहसा खात नाहीत आणि एकदा लावले की चार-पाच वर्षे कापणी देते, म्हणून ते निवडले. भाद्रपदात पहिली पाती खुडून चहा केला. एका आजींनी घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"भाऊ, ह्यो चहाचा न्हाई. साबणाचा वास येतोय."

आजींचे खरे होते. मी आणलेले गवत सिट्रोनेला होते. त्या दिवसापासून मी या गवतांचा नीट अभ्यास केला, तो आपल्यापुढे ठेवतो.

या कुळात सुमारे पन्नास जाती आहेत. आपल्या कामाच्या चार.

१. गवती चहा : आपल्या परसातला. मूळचा आग्नेय आशियातला मानतात. थायलंडमध्ये तो रश्श्यात घालतात, आपण चहात. आयुर्वेदात त्याला भूस्तृण म्हणतात. लिंबासारखा वास सिट्रल या द्रव्याचा. तो क्वचितच फुलतो, त्यामुळे बियांवर नव्हे, ठोंब फोडूनच वाढवतात.

२. मलबारचा गवती चहा : हा दक्षिण भारतातला. याला बी येते. याचे तेल कोची बंदरातून परदेशी जाई, म्हणून ते 'कोचीन तेल' म्हणून ओळखले गेले. केरळात ओडक्कली येथे १९५१ मध्ये यासाठी संशोधन केंद्र निघाले. साबण व अत्तरांत हे तेल लागते. त्यातील सिट्रलपासून 'अ' जीवनसत्त्वही बनवतात.

३. रोशा गवत : आपल्या महाराष्ट्राचे, खानदेशच्या डोंगरांतले. वास गुलाबाचा. याचे तेल मुंबईहून तांबड्या समुद्रामार्गे तुर्कस्तानात जाई आणि तेथे गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई.

४. सिट्रोनेला : श्रीलंका व जावा येथील. डास पळवण्यासाठी आणि साबणासाठी, चहासाठी नव्हे. श्रीलंकेच्या जातीला लिनीयसने १७५३ मध्ये 'नार्डस' हे नाव दिले. बेथानीत मरीयेने प्रभूच्या चरणांना लावलेले 'नार्द' मात्र हे नव्हे. ते हिमालयातल्या जटामांसीचे तेल. नावाने मोठी माणसेही फसतात, हे वाचून मला थोडा धीर आला.

ओळखावे कसे? सिट्रोनेलाचा बुंधा बहुधा तांबूस असतो आणि पाती जास्त झुकलेली. परसातल्या गवती चहाचा बुंधा पांढरट-हिरवा. पण मलबारच्या जातीतही तांबडा बुंधा आढळतो. म्हणून पात चुरगाळून वास घ्यावा. निव्वळ लिंबाचा आला तरच ठोंब घ्यावेत.

तेलाविषयीही एक हिशेब. १०० किलो ओल्या पाल्यातून तेल निघते अर्धा किलोच्या आसपास. तेल काढण्याची भट्टी जवळ नसेल, तर पाला वाहून नेण्यातच पैसा जातो. म्हणून तेलाचे स्वप्न आम्ही तूर्त बाजूला ठेवले आहे.

मग पुढे काय झाले? खरा गवती चहा आजींनीच शोधला; त्या ज्या घरी कामाला जातात तेथील मोरीच्या सांडपाण्यावर त्याचे जुने बेट होते. घरमालकिणीने आनंदाने निम्मे खणून दिले. एका बेटातून चाळीसहून अधिक ठोंब निघाले. तोवर उशीर झाला होता. दसऱ्यानंतर दोन कुटुंबे ऊसतोडीला निघून गेली. माझ्या घाईची किंमत त्यांनी मोजली. राहिलेल्या तीन कुटुंबांनी ठोंब लावले आणि आता त्या पातीच्या जुड्या नळदुर्गच्या बाजारात विकल्या जातात. उत्पन्न थोडे आहे, पण घर सोडावे लागलेले नाही.

हे गवत एकाने दुसऱ्याला दिल्यावाचून पसरत नाही. आपल्या अंगणात गवती चहाचे बेट असेल, तर येत्या मृगाला त्यातील काही ठोंब आमच्यासाठी राखून ठेवा. ती दोन कुटुंबे परत येतील तेव्हा त्यांच्या हाती द्यायला ते हवे आहेत. आणि प्रार्थनेत त्यांची आठवण ठेवा.